संदेष्ट्यांचा घरचा आहेर

पत्राचा सारांश: उत्तर कोकणातल्या एका धर्मग्रामातून (पॅरिशमधून) 46 वर्षांच्या एक वाचक लिहितात. त्या 11 वर्षे दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत आहेत. त्यांच्या चर्चचा अमृतमहोत्सव जवळ आला असून नवी वेदी, ग्रॅनाइटची फरशी, रोषणाई आणि ऑर्केस्ट्रा असा मोठा खर्च चालला आहे. फरशी बसवणाऱ्या आदिवासी मजुरांना ठेकेदाराने तीन आठवड्यांची मजुरी दिलेली नाही, हे त्यांना त्या मजुरांपैकीच एका बाईने सांगितले. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात त्या बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्यांची, पुस्तके वाचत होत्या. धर्मग्राम मंडळाच्या सभेत त्यांनी उभे राहून त्यांतल्या आमोसच्या पाचव्या अध्यायातले वचन वाचून दाखवले, ज्यात देव म्हणतो की मला तुमच्या सणांचा तिटकारा आहे. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बाई, तुम्ही काय संदेष्ट्री झालात का? आपण कॅथलिक, आपल्यात ऐकायचं असतं." फादरांनी पुढचा विषय घेतला. तेव्हापासून चार रविवार या बाई मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलेल्या नाहीत आणि सासूबाई रोज कारण विचारतात. त्यांचा प्रश्न असा आहे, की देवालाच अशा उपासनेचा वीट आला असेल तर तिथे का जावे? की जुन्या करारातले संदेष्टे हे ज्यूंचे, आपला त्यांच्याशी संबंध नाही, असे समजून गप्प बसावे?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी एक गोष्ट खटकली. सभेत तुम्ही आमोस वाचलात, पण फरशीवाल्यांची मजुरी थकली आहे हे तुम्ही तिथे बोललात, असे पत्रात कुठेही नाही. तसे असेल तर सभेने ऐकले ते एवढेच, की धर्मशिक्षणाच्या बाईंना महोत्सव पसंत नाही. किती मजूर, किती दिवस, किती रुपये, यातले काहीच त्या खोलीत कोणाच्या कानावर पडले नाही, आणि त्यामुळे कोणाला त्याचे उत्तरही द्यावे लागले नाही. एका अर्थी तुम्ही मोठी तोफ डागलीत, पण तिच्या धुरात ठेकेदार दिसेनासा झाला.

आमोस असा मोघम बोलणारा नव्हता. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला, बेथलेहेमच्या दक्षिणेकडच्या तकोवा गावचा हा माणूस मेंढरे राखत होता आणि उंबराच्या झाडांची निगा करत होता. तिथून तो उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या राजमंदिरापर्यंत गेला. त्याचे आरोप वाचताना एखाद्या दुकानाची झडती चालली आहे असे वाटते. एका वहाणांच्या जोडासाठी गरिबाला विकले जाते. गहाण ठेवून घेतलेल्या अंगरख्यांवर लोक वेदीशेजारी पसरतात. सण आणि शब्बाथ कधी एकदा संपतो आणि धान्याची विक्री सुरू होते, याची व्यापाऱ्यांना घाई आहे, आणि विक्री कशी, तर माप लहान, वजन जड, तागडीत खोट आणि गव्हात भुसा. माझ्या लहानपणी आमच्या बाजारात पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवणारा एक दुकानदार होता. आई त्याच्याकडे काही घ्यायच्या आधी न बोलता पारडे उलटे करून बघायची. आमोस वाचताना मला आईचा तो हात आठवतो. सणांच्या तिटकाऱ्याचे वचन या सगळ्या झडतीमध्ये येते. तुम्ही ते तिथून उचलून एकटेच सभेत मांडलेत, म्हणून ते कोणालाच लागू पडले नाही आणि सगळ्यांनाच लागले.

आता तुमचा मुख्य प्रश्न. देवाला उपासनेचा वीट आला आहे, म्हणून उपासनेला जाऊ नये, असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. संदेष्ट्यांनी तो काढला होता का, हे आधी पाहू. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो की माझी अंगणे तुडवू नका, तुमचे हात रक्ताने भरले आहेत, न्याय शोधा, अनाथाची बाजू घ्या, विधवेसाठी भांडा. याहून कडक शब्द आमोसनेही वापरलेले नाहीत. पण त्याच यशयाला, उज्जीया राजा वारला त्या वर्षी, देवाचे दर्शन घडले ते मंदिराच्या चित्रातच, वेदी आणि धूर यांच्यामध्ये. तिथे त्याने सराफीम या पंखधारी स्वर्गीय दूतांचे 'पवित्र, पवित्र, पवित्र' हे गीत ऐकले, आणि त्याच्या तोंडून निघाले ते असे, की मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे आणि अशुद्ध ओठांच्या लोकांमध्ये राहतो. त्याने 'मी' आधी म्हटले आणि 'लोक' नंतर. तेच त्रिवार 'पवित्र' आपण प्रत्येक मिस्सेत म्हणतो. म्हणजे ज्या संदेष्ट्यांच्या भरवशावर तुम्ही मिस्सा सोडलीत, त्यांच्यातल्याच एकाच्या पुस्तकातले गाणे चार रविवार तुमच्यावाचून गायले गेले.

प्रभू येशूचेही तसेच आहे. मंदिरात पैसे बदलून देणाऱ्या सराफांचे पाट उलथताना त्याने जी दोन वचने उच्चारली, त्यांतले प्रार्थनामंदिराचे यशयाचे आणि लुटारूंच्या गुहेचे यिर्मयाचे. मात्र लूक लगेच पुढे सांगतो की तो मंदिरात रोज शिकवत असे. पाट उलथल्यानंतरही तो रोज तिथेच येत राहिला.

मराठीत अशा बोलण्याला आपण घरचा आहेर म्हणतो. तो घरच्या माणसानेच द्यायचा असतो, आणि देणारा मांडव सोडून गेला तर त्याला आहेर कोणी म्हणणार नाही. यिर्मयाकडे पाहा. यरुशलेम पडल्यावर बाबेलच्या सरदाराने, नबूजरदानाने, त्याला सांगितले की हवे तर माझ्याबरोबर चल, मी तुझी काळजी घेईन, नाही तर तुला वाटेल तिथे राहा. चाळीस वर्षे ज्यांनी त्याचे ऐकले नाही, त्याला खोड्यात अडकवले, चिखलाच्या विहिरीत सोडले, त्यांच्यातल्या उरल्यासुरल्यांबरोबर तो मिस्पाला राहिला. पुढे त्यांनी पुन्हा त्याचे न ऐकता मिसरची वाट धरली, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर नेला गेला. यावरून मी तुम्हांला निमूट सोसायला सांगते आहे असे मात्र समजू नका, तो मुद्दा पुढे येईल.

खर्चाविषयीही थोडे सावकाश बोलू, कारण तुमच्या पत्रात नवी वेदी आणि थकलेली मजुरी यांचा एकच गोळा झाला आहे. संदेष्ट्यांच्या काळातली दोन बांधकामे शेजारी ठेवून पाहिली की हा गोळा सुटतो. इसवी सनापूर्वी 622 च्या सुमारास योशीया राजाने यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी काढली. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात त्याची तपशीलवार हकिकत आहे. लोकांनी दिलेली चांदी मोजून देखरेख करणाऱ्यांच्या हाती द्यायची आणि त्यांनी ती सुतार, बांधकाम करणारे आणि गवंडी यांना द्यायची, असा हुकूम होता. ती माणसे इतक्या सचोटीने वागत होती की त्यांच्याकडे हिशेबही मागितला जात नव्हता. याच कामाच्या वेळी मंदिरात नियमशास्त्राची गुंडाळी सापडली. तिचा अर्थ विचारायला राजाने महायाजक हिल्कीयासह आपली माणसे पाठवली, ती एका बाईकडे. तिचे नाव हुल्दा, आणि ती संदेष्ट्री होती. तुमच्या सभेतल्या त्या ज्येष्ठांना ही गोष्ट कधी तरी चहा पिताना, चिमटा न काढता सांगा.

दुसरे बांधकाम योशीयाच्याच मुलाचे. यहोयाकीमाने स्वतःसाठी प्रशस्त वाडा बांधला, त्याला गंधसरूची तक्तपोशी केली, हिंगुळाचा रंग दिला आणि कामगारांना मजुरी दिली नाही. यिर्मयाच्या 22व्या अध्यायात त्याच्यावर जे शब्द कोसळतात ते तुम्ही सभेत वाचायला हवे होते. जो आपल्या शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेतो आणि त्याची मजुरी देत नाही त्याला धिक्कार असो, असे ते आहेत. मग यिर्मया त्याला बापाची आठवण देतो. तुझा बाप खातपीत नव्हता काय? तरी तो न्यायाने वागला, त्याने दीनदुबळ्यांची बाजू घेतली, आणि मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय, असे परमेश्वर विचारतो. मंदिरावर चांदी खर्च करणाऱ्या बापाची इथे स्तुती आहे. मुलावर कोप आहे तो मुख्यतः मजुरीमुळे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ग्रॅनाइट हवा की कोबा, ऑर्केस्ट्रा हवा की नको, यावर तुम्ही आणि धर्मग्रामातली माणसे प्रामाणिकपणे वेगवेगळा विचार करू शकता. (ऑर्केस्ट्राबाबत मी तुमच्या बाजूची आहे, पण तो आवडीचा प्रश्न झाला.) मजुरीबाबत दोन मते असू शकत नाहीत. ती ठेकेदाराने द्यायची असते, हे उत्तर तुम्हांला मिळेल. यहोयाकीमानेही प्रत्येक गवंड्याला स्वतः कामाला लावले नसेल.

हे संदेष्टे ज्यूंचे आहेत, आपले नाहीत, हा तुमचा दुसरा पर्याय फार जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने जुना करारच वगळावा असे सुचवले होते आणि रोमच्या ख्रिस्तसभेने 144 साली त्याला बाहेर काढले. तरी व्यवहारात आपण तो बराच काळ बाजूला ठेवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 मध्ये नवी वाचनमालिका आली, तेव्हा कुठे रविवारच्या मिस्सेत जुन्या करारातले पहिले वाचन नियमाने होऊ लागले. तुमच्या सासूबाईंनी लहानपणी रविवारी आमोस जवळजवळ ऐकलाच नसेल. त्यांना तो परका वाटला तर त्यात त्यांचा दोष नाही.

मात्र 'ज्यूंचे' या शब्दात एक सावधगिरीही आहे. चौथ्या शतकातले प्रवचनकार संत जॉन ख्रिसोस्तम यांचे एक प्रवचन तुमच्या प्रसंगाला अगदी जुळते. चर्चमध्ये ख्रिस्ताच्या शरीराचा रेशमाने सन्मान करायचा आणि बाहेर तोच थंडीत उघडा असताना त्याच्याकडे पाठ फिरवायची, हे चालणार नाही, असे ते बजावतात, आणि चर्चला दान देऊ नका असे माझे म्हणणे नाही, हेही सांगतात. याच ख्रिसोस्तमनी अंत्योखिया शहरात संदेष्ट्यांची हीच कठोर वचने ज्यूंवर फेकली. स्वतःच्या घराला दिलेला आहेर त्यांनी शेजाऱ्याच्या अंगावर भिरकावला, आणि असल्या वाचनाचे पुढे शतकानुशतके काय परिणाम झाले ते जगाला ठाऊक आहे. 1965 साली इतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयीच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने ख्रिस्तसभेने त्या वाटेकडे अधिकृतपणे पाठ फिरवली. आपल्याकडे रायगड-अलिबागच्या बाजूचे बेने इस्राएल ज्यू आजही मलिदा या आभारविधीच्या वेळी एलियाहू हनावीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गाणे म्हणतात. संदेष्टे त्यांच्या घरी अजून नांदत आहेत आणि आपण त्या घरचे पाहुणे आहोत, एवढे लक्षात ठेवून वाचले की वचन दुसऱ्याच्या दिशेने भिरकावताना हात आपोआप थबकतो. तुम्हीही मंडळाच्या सभेत नेमके तेच केलेत की काय, हे तुमचे तुम्हीच तपासा. मी बाहेरून ते सांगू शकत नाही.

माझ्यापुरते सांगते. काही वर्षांपूर्वी राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, मी कपाळावर राख घेऊन घरी आले, तर दारात धुण्याभांड्याच्या मावशी उभ्या होत्या. महिना उलटून आठवडा झाला होता. त्या पगाराचे विचारायला आल्या होत्या आणि माझ्याकडे सुटे नव्हते. "उद्या या," मी म्हटले. शुक्रवारच्या मिस्सेत पहिले वाचन यशयाच्या 58व्या अध्यायाचे होते, उपवासाच्या दिवशी तुम्ही आपल्या सगळ्या कामकऱ्यांना राबवता, हे. मावशी गुरुवारी येऊन गेल्या होत्या आणि मी घरी नव्हते. हे वाचन दरवर्षी त्याच शुक्रवारी असते, मी ते दरवर्षी ऐकत आले होते आणि दरवर्षी ते मला दुसऱ्या कोणाविषयी वाटले होते.

"आपल्यात ऐकायचं असतं" हे अर्धेच खरे आहे. स्नानसंस्काराच्या वेळी अभिषेकाच्या तेलाने आपल्याला ख्रिस्ताच्या याजक, संदेष्टा आणि राजा या तिन्ही पदांत वाटा मिळतो. 1983 च्या कॅनन लॉचे, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्याचे, 212वे कलम सांगते की ख्रिस्तसभेच्या हिताच्या बाबतीत आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडणे हा प्रापंचिकांचा हक्क आहे आणि कधी कधी ते कर्तव्यही ठरते, मात्र ते आदर राखून करायचे. 1286व्या कलमानुसार चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी कामगार कायदे काटेकोरपणे पाळायचे आणि न्याय्य वेतन द्यायचे असते. 537व्या कलमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते, आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना देण्याची तरतूद 1287व्या कलमात आहे. तुम्ही मजुरीचा प्रश्न विचारणे हे बंड नाही, ते नियमात बसते.

करायचे काय, ते सांगते. आधी त्या मजूर बाईंना भेटा. त्यांच्या वतीने बोलण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या, कारण उद्या ठेकेदाराने त्यांनाच कामावरून काढले तर तुमच्या धाडसाची किंमत त्या भरतील. किती जण, किती दिवस, ठरलेला रोज किती, हातात आले किती, हे एका कागदावर लिहून काढा. मग सभेत न जाता फादरांकडे एकट्याने किंवा एखाद्या समंजस व्यक्तीला घेऊन जा. दावीद राजाचा अपराध तुमच्या ठेकेदारापेक्षा कितीतरी मोठा होता, तरी नाथान संदेष्ट्याने भर दरबारात वचन फेकले नाही. त्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि निवाडा दावीदाच्याच तोंडून काढला. फादरांना मजुरीचे खरोखरच ठाऊक नसेल, ही शक्यता तुम्ही पत्रात कुठेही विचारात घेतलेली नाही. जाण्याआधी त्यांच्यासाठी एकदा प्रार्थना करा. आमोसनेही टोळांचा आणि अग्नीचा दृष्टान्त पाहून दोनदा गयावया केली होती, की प्रभू, याकोब कसा टिकेल, तो किती लहान आहे! ज्यांच्यावर तो गरजत होता, त्यांच्यासाठीच ही विनवणी होती.

त्यांनी ऐकले नाही तर लेखी अर्ज अर्थसमितीकडे, आणि तिथेही काही झाले नाही तर धर्मप्रांताकडे द्या. मजुरांची इच्छा असेल तर त्यांना कामगार कार्यालयाचा रस्ता दाखवा, त्यासाठी कोणाच्या आशीर्वादाची गरज नाही. आणि हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. कोणाला चर्चशी संबंधित माणसाकडून मारहाण, धमकी किंवा लैंगिक त्रास झाला असेल, तर यिर्मया थांबला म्हणून तुम्हीही थांबा, असे कोणीही त्यांना सांगू नये. त्यांनी आधी सुरक्षित जागी जावे आणि पोलिसांकडे जावे.

सभेतला अपमान तुम्हांला अजून सलतो आहे, हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते. बाबेलच्या अंमलाची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने सगळ्यांसमक्ष काढून मोडले, तेव्हा यिर्मयाने काय केले? पुस्तकात एवढेच आहे, की तो आपल्या वाटेने निघून गेला. त्या क्षणी त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि त्याने ते उसने आणले नाही. पण काही काळाने वचन आले तसा तो हनन्यासमोर परतही आला. सभेनंतर तुम्ही दूर राहिलात यात काही बिघडले नाही. चार रविवार झाले, आता परतण्याचे बघा. सासूबाईंना कारण सांगून टाका, त्या तुमच्याबरोबर फादरांकडे यायला तयार होतील असा माझा दाट अंदाज आहे.

तुमच्या वर्गातली मुलेही चार रविवार वाट बघत असतील. पहिल्या दिवशी आमोस घ्या. एक तागडी न्या, एक किलोचे खरे वजन न्या, आणि पारड्याखाली चिंच लावून त्यांना ओळखायला सांगा. फादरांकडे जाल तेव्हा मात्र फक्त तो हिशेबाचा कागद पुरे.